केन्तो चालू आहे

जपानमधल्या ग्योतोकुच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून हानेदा विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. बाबा तीन महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी गॅलरीतली खुर्ची बळकावली. एकदा चहा पिताना म्हणाले, "हे वरचे लोक खालच्यांशी काय बोलत असतील रे? ऐकायला मिळालं तर मजा येईल." आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. त्याच शनिवारी मी अकिहाबाराच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन वैमानिकांचं बोलणं पकडणारा, हातात मावणारा रेडिओ स्कॅनर घेऊन आलो. तो पुण्याला न्यायचा म्हणजे परवान्याची भानगड. ऐकायचं तर इथेच, व्हिसा संपायच्या आत.

इथपर्यंत मी आदर्श मुलगा होतो. पुढे माझ्यातला सॉफ्टवेअर इंजिनियर जागा झाला.

विमानतळाची फ्रीक्वेन्सी स्कॅनरच्या बटणांवरून हातानेही टाकता येते. दुकानदाराने मला ते करून दाखवलं होतं. पण बटणंच दाबायची तर एवढं शिकलो कशाला? लॅपटॉप जोडून सगळ्या फ्रीक्वेन्सी एका फटक्यात भरणारी सॉफ्टवेअर मिळतात असं वाचलं आणि मी कामाला लागलो. एक होतं स्कॅनरच्या कंपनीचंच, फुकट, पण अख्खं जपानीत. दुसरं हौशी मंडळींनी मिळून केलेलं, इंग्रजीत, आणि माझं मॉडेल त्यात 'बहुधा चालेल' या सदरात. तिसरं विकतचं, दिसायला देखणं, आणि त्यात इतक्या सोयी की वरच्या विमानापेक्षा ते चालवणं अवघड. नवशिक्यासाठी यातलं कुठलं बरं, असं मी एका फोरमवर विचारलं. उत्तर देणाऱ्यांचीच आपसात जुंपली. ते भांडण अजून चालू असेल.

मग मी ऑफिसात करतो तसा तुलनेचा तक्ता केला. बॅकअपच्या सोयीला मी सगळ्यात जास्त गुण ठेवले. ज्याने अजून एक आकडा भरलेला नाही त्याला बॅकअप कशाचा हवाय, हा प्रश्न मला पडला नाही. केबल लॅपटॉपला ओळख दाखवेना, म्हणून दुसरी मागवली. बायको म्हणाली, "लग्न ठरवताना तरी एवढं बघितलं होतंस का रे?"

बाबा रोज संध्याकाळी विचारायचे, "झालं का?"

"केन्तो चालू आहे, बाबा," मी म्हणायचो. केन्तो म्हणजे विचार, तपासणी. कावासाकीच्या आमच्या ऑफिसात हा शब्द दिवसभर कानावर पडतो आणि घरी येईपर्यंत जिभेवर बसलेला असतो. काही दिवसांनी बाबांनी विचारणं बंद केलं. त्यांचा उत्साह ओसरला असं मी धरून चाललो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं, कारण आता निवांत निवडता येणार होतं.

त्यांच्या निघण्याच्या आदल्या दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. ते बॅग भरत होते.

"बाबा, ठरलं! हौशी लोकांचंच घ्यायचं. आता फक्त इन्स्टॉल करायचं बाकी."

"राहू दे रे," शर्टाची घडी घालत ते म्हणाले. "तू नाही म्हणालास तेव्हाच मी तो नाद सोडला."

"मी कधी नाही म्हणालो?"

"रोज तर म्हणत होतास." बाबा इथे आल्यापासून स्टेशनजवळच्या परदेशी लोकांसाठीच्या जपानीच्या वर्गाला जात होते. "आमच्या बाईंनी शिकवलंय. समोरचा केन्तो करतो म्हणाला की ते नाहीच समजायचं. तोंडावर नाही म्हणणं जड जातं ना या जपानी लोकांना. परत विचारून त्याला लाजवू नये म्हणे. म्हटलं, पोराला कामं असतात, कशाला मागे लागायचं."

बाईंचं अगदी बरोबर होतं. क्लायंटच्या तोंडून हा शब्द निघाला की मीटिंगनंतर मीच टीममधल्या नव्या लोकांना सांगतो, हे प्रोजेक्ट गेलं समजा. आणि घरी येऊन तोच शब्द रोज वडिलांना ऐकवत होतो. मला फार वाईट वाटलं. स्वतःचा रागही आला.

लॅपटॉप पलंगावर टाकला. दुकानदाराने दाखवलं होतं तशी बटणं दाबून एक आकडा टाकला. चहा गाळायलाही याहून जास्त वेळ लागतो. गॅलरीत जाऊन आवाज वाढवला. आधी नुसती खरखर आली आणि मग माणसं बोलायला लागली. बाबांनी स्कॅनर दोन्ही हातांनी कानाशी धरला.

काय ऐकू आलं ते लिहीत नाही. इथल्या कायद्याप्रमाणे ऐकायला हरकत नाही, ऐकलेलं दुसऱ्याला सांगायला आहे. बाबांच्या चेहऱ्याबद्दल मात्र कायदा काही म्हणत नाही. ते लहान मुलासारखे हसत होते आणि आभाळाकडे बोट करून मला सांगत होते, "हा, हा बोलला बघ आत्ता!"

थोड्या वेळाने त्यांनी आत उघड्या पडलेल्या बॅगेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. परक्याच्या घरी विचारावं तसं म्हणाले, "अजून थोडं ऐकलं तर चालेल ना? तुला काही काम नसेल तर."

"हो," मी म्हणालो. त्या तीन महिन्यांत त्यांना मी दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर.