सोलफ्रिडच्या लाल खुणा

स्कार्वहैया डोंगराच्या वाटेवर एकूण दोनशे अकरा लाल खुणा आहेत, आणि त्यातली एकही सोलफ्रिडच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. एकतीस वर्षं तिने आणि तिच्या नवऱ्याने, आर्नलियोतने, त्या रंगवल्या होत्या. दर जुलैला बर्फ वितळला की डोंगरवाटा सांभाळणाऱ्या मंडळाकडून लाल रंगाचा डबा यायचा, दोघं वर चढायची आणि एकेका दगडावर इंग्रजी टी अक्षरासारखी खूण पुन्हा भरून काढायची. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोच्या भोवतालच्या डोंगरांवर धुकं समुद्रावरून कधी चढून येईल याचा नेम नसतो, आणि एकदा ते आलं की माणसाला लाल रंगाशिवाय दुसरा वाली नाही.

म्हणून त्या मंगळवारी शिखरावरून उतरताना, 'जिना' म्हणतात त्या उभ्या खडकाच्या तोंडाशी, डाव्या हाताच्या मोठ्या शिळेवर लाल खूण दिसली तेव्हा ती जागच्या जागी थबकली. तिथे खूण नव्हती. कधीच नव्हती. वाट सरळ जिन्याने खाली जाते, आणि ही खूण सांगत होती, डावीकडे वळ. पुढे वीस पावलांवर आणखी एक लाल ठिपका चमकत होता.

"हे काय नवीन?" ती मोठ्याने म्हणाली. उत्तर द्यायला कोणी नव्हतं. आर्नलियोत जानेवारीत दारातला बर्फ उपसता उपसता खाली बसला तो उठलाच नाही. त्याच्यानंतर ती पहिल्यांदाच वर आली होती. गेल्या ऑगस्टमध्ये तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्यामुळे मागचं अख्खं वर्ष डोंगर तिने खिडकीतूनच पाहिला होता.

ती डावीकडे वळली नाही. अनोळखी खुणेमागे जायचं नाही हे तिने आयुष्यभर इतरांना शिकवलं होतं. खडकाला धरून, बसून, घसटत ती जिना उतरली आणि घरी पोचेपर्यंत तिचा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता.

घरी आल्यावर तिने मंडळाच्या हालवारला फोन केला. हालवार म्हणजे फेरीबोटीचा निवृत्त कप्तान, अजूनही माणसांशी प्रवाशांशी बोलावं तसं बोलणारा.

"सोलफ्रिड, नवी वाट कोणी आखलेली नाही," तो म्हणाला. "माझ्या परवानगीशिवाय त्या डोंगरावर मुंगीसुद्धा वळत नाही."

"मग ती खूण काय हुल्ड्राने काढली?" डोंगरातल्या शेपटीवाल्या परीचं नाव घेऊन ती चिडली.

"खोटी खूण असेल तर करड्या रंगाने पुसायची, नियम आहे. पण आधी असायला तर हवी." मग जरा थांबून, आवाज मऊ करून तो म्हणाला, "तू झोपतेस ना नीट?"

झोपतेस ना, हे ऐकलं आणि सोलफ्रिडने घाईने फोन ठेवून दिला. कारण झोपेचं ठीक होतं, बाकीचंच ठीक नव्हतं. मागच्या आठवड्यात तिने पाणी न घालता कॉफीचं भांडं चुलीवर ठेवलं होतं. चष्मा फ्रिजमध्ये सापडला होता, लोण्याच्या शेजारी. आणि जेवायला अजूनही दोन ताटल्या मांडल्या जात होत्या, त्याला तर ती विसरणं म्हणायलाही तयार नव्हती.

हालवारने लगेच तिच्या मुलीला कळवलं असणार. सिन्नवे बंदरावर मासळी तपासायच्या खात्यात होती, पन्नाशीला टेकलेली, आईसारखीच तोंडाने फटकळ. दुसऱ्या दिवशी काम संपवून ती एकटीच डोंगर चढली आणि त्या शिळेखाली उभं राहून तिने फोन लावला.

"आई, मी मोठ्या शिळेपाशी आहे. कोरी आहे."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. दगडफूल आहे, मेंढीच्या लेंड्या आहेत, लाल काही नाही. फोटो पाठवते."

फोटो आला. शिळा तीच होती, डोक्यावर चीर असलेली. खरोखर कोरी. सोलफ्रिड फोटोकडे बघत बसली. मागच्या बाजूने जाऊन बघ, असं म्हणायचं तिला सुचलं नाही आणि सिन्नवेलाही सुचलं नाही. सुचणार कसं? खूण दगडाच्या दोन्ही अंगांना काढायची, एक चढणाऱ्यासाठी, एक उतरणाऱ्यासाठी, हे त्या घरात मीठमिरचीइतकं ठरलेलं होतं. एक अंग कोरं म्हणजे दुसरंही कोरंच.

"आई," सिन्नवे फोनवर म्हणाली, "तू दमली असशील. धुकं होतं का?"

"ऊन होतं."

"बरं, मग ऊन लागलं असेल."

"ट्रॉम्सोत? ऊन? मला?" सोलफ्रिड म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

त्या दिवशी ती खाली तळघरात गेली आणि रंगाचा जुना डबा उघडून पाहिला. मागच्या वर्षीच्या कामानंतर तो जवळजवळ भरलेला उरला होता, हे तिला पक्कं आठवत होतं. आता तो अर्धा होता. खुंटीवरचं पावसाळी जाकीट ती अलीकडे रोज घालायची, आर्नलियोतचं, मोठं होतं पण ऊब होती. त्याच्या बाहीवर लाल डाग होता. मंगळवारी ती हेच जाकीट घालून वर गेली होती.

तिला काहीच समजेना. मग मीच काढली का खूण? कधी? झोपेत चालत गेले? की खूण नव्हतीच आणि डाग जुना आहे? की डबा गेल्या वर्षीच अर्धा होता आणि भरलेला होता हीच माझी समजूत? प्रत्येक प्रश्न दुसऱ्याला धक्का देत होता आणि एकही धड उभा राहत नव्हता. ती पायरीवर बसली आणि तिला भीती वाटली, लहानपणी बोट हेलकावे खायची तेव्हा वाटायची तशी.

हालवारचा फोन आला. शनिवारी पायथ्याशी श्रमदान आहे, सगळे जमतील, वाफल होतील, तेव्हा तुझा ब्रश सिन्नवेकडे देऊ या, रीतसर. "एकतीस वर्षं झाली, सोलफ्रिड. पुरे की! चुकीची खूण म्हणजे कोणाचा तरी जीव."

ते तिला सांगायची गरज नव्हती. ब्रश गेला तर हात रिकामे होतील, एवढंच नव्हतं ते. ब्रश काढून घेतला म्हणजे ट्रॉम्सोभर जाहीर झालं, की सोलफ्रिडचं डोकं गेलं. आणि तिला स्वतःलाच खात्री नव्हती की ते गेलेलं नाही.

गुरुवारी ती पिशवीत करड्या रंगाचा डबा टाकून निघाली. खूण असली तर पुसायची आणि हालवारला फोटो पाठवायचा. नसली तर, नसली तर मुकाट ब्रश द्यायचा.

जिन्याच्या वर पोचली. चढताना गुडघा कुरकुरत नसे, तो उतरतानाच जीव घ्यायचा. मोठी शिळा समोर आली. कोरी. दगडफूल होतं, लेंड्याही होत्या. सिन्नवेचा शब्दन् शब्द खरा होता. सोलफ्रिडला रडू फुटेल असं वाटलं, पण रडायलाही आधी खात्री लागते की आपण कशासाठी रडतोय. परत फिरावं तर जिना उतरायचं धैर्य नव्हतं, म्हणून ती वर चालत राहिली.

शिखरावर दगडांच्या ढिगात पत्र्याची पेटी आहे आणि पेटीत वही. वर पोचलेल्या प्रत्येकाने त्यात नाव आणि तारीख लिहायची. सोलफ्रिडने पेन उचललं, मग मनात आलं आणि मागची पानं उलटायला लागली. मी आणखी कधी येऊन गेले असेन तर नाव असेलच. जून, काही नाही. हिवाळ्याची पानं जवळजवळ मोकळी. ऑक्टोबर. सप्टेंबर.

एकोणीस सप्टेंबर. सोलफ्रिड आणि आर्नलियोत.

अक्षर त्याचं होतं, सगळी डावीकडे कलणारी अक्षरं. पण एकोणीस सप्टेंबरला ती घरात कुबड्यांवर होती, संडासापर्यंत जायला भिंत धरत होती! आणि आर्नलियोत या बाबतीत पोलिसापेक्षा कडक. वर न आलेल्या बायकोचं नाव लिहिणाऱ्या एका प्राध्यापकाला त्याने भर वाफलच्या पंगतीत लबाड म्हटलं होतं. त्याने तिचं नाव लिहावं? म्हणजे तोही गोंधळला होता का तेव्हा? आणि आपल्या लक्षात आलं नाही? नावांपुढे हवामान लिहायच्या जागी त्याने लिहिलं होतं, 'उतरायला आता सोपं.'

तिने ती ओळ चार वेळा वाचली. जिना कधी सोपा झाला? पहिल्यापेक्षा तिला आता कमीच कळत होतं.

वही ठेवून ती खाली निघाली. मोठी शिळा मागच्या अंगाने दिसायला लागली, आणि त्या अंगावर, ठसठशीत, लाल खूण होती.

सोलफ्रिड शिळेच्या पुढे गेली, वळून पाहिलं. कोरी. पुन्हा वर आली. लाल. पुन्हा पुढे. कोरी. कोणी पाहिलं असतं तर तिथल्या तिथे मंडळाला फोन केला असता. मग तिला आर्नलियोतचा आवाज आठवला. दर वर्षी रंगवताना तो तीच थट्टा करायचा, "चढणाऱ्याला डोळे असतात गं, उतरणाऱ्याला नुसते गुडघे असतात."

तिने दगडाला हात लावला. खूण काढण्याची पद्धत त्याचीच होती, आडवी रेघ उजवीकडे जरा लांब.

या वेळी ती डावीकडे वळली. प्रत्येक खूण फक्त वरच्या अंगाला होती, फक्त उतरणाऱ्याला दिसेल अशी. वाट ओढ्याच्या कडेने मऊ शेवाळावरून जात होती, हळूहळू, मोठ्या वळणांनी. जिथे जिथे गुडघ्याएवढी पायरी होती तिथे कोणीतरी मध्ये एक सपाट दगड आणून बसवला होता. कोणीतरी कसलं, बहात्तर वर्षांच्या त्या माणसाने, एकट्याने, पाठीचं दुखणं घेऊन. पुढे दलदलीची एक लहानशी खोलगट जागा होती आणि तिच्यात मुल्ते, डोंगरातली ती मधाच्या रंगाची फळं, अजून कच्ची लाल, पण शेकड्यांनी. तिथून वाट गाड्या लावतात त्या जागेच्या मागे निघाली. गुडघा दुखला नव्हता.

"अरे गाढवा," ती दगडावर बसून म्हणाली, "सांगायचं तरी!" आणि मग ती पोटभर रडली, कारण आता कारण माहीत होतं. त्याला उन्हाळ्यात दाखवायचं असणार, न बोलता, नुसतं पुढे चालत. आणि ज्याने आयुष्यभर एका बोटाएवढी जास्तीची खूण कोणाला काढू दिली नाही, त्याने मंडळाला चोरून, तळघरातल्या त्याच डब्यातून, पंचवीस खुणा काढल्या होत्या.

पिशवीत करडा डबा होता, खिशात फोन. एक फोटो पाठवला की तिचं डोकं ठिकाणावर असल्याचं सगळ्या गावाला कळलं असतं, आणि ब्रश तिचा राहिला असता. मग हालवार नियमाप्रमाणे शनिवारी चार माणसं करडा रंग घेऊन वर पाठवणार, हेही तितकंच पक्कं. फोन तिने खिशातच राहू दिला. डबा तिने उघडला नाही.

शनिवारी वाफल झाले, वर तपकिरी चीज आणि जाम. हालवारने विचारलं, "काय गं, सापडली का तुझी खूण?"

"नाही," सोलफ्रिड म्हणाली. "भास झाला असेल. वय झालं आता."

"होतं असं," हालवार म्हणाला आणि तिच्या खांद्यावर थोपटलं. ते थोपटणं तिला जिन्यापेक्षा कठीण गेलं. तिने ब्रश सिन्नवेच्या हातात दिला. सिन्नवेने आईकडे नीट पाहिलंही नाही, तिचे डोळे भरून आले होते. त्यानंतर दर रविवारी ती यायला लागली, फ्रिज तपासायला, चुलीची बटणं बघायला, आणि सोलफ्रिड तिला तपासू द्यायची.

ऑगस्टच्या मध्याला सिन्नवे पहिल्यांदा एकटी सगळी वाट रंगवून परतली. बूट काढायच्या आधीच तिने स्वयंपाकघराच्या टेबलावर बादली ठेवली. बादलीत मुल्ते होती, पिकलेली, काठोकाठ.

सोलफ्रिडने बादलीकडे पाहिलं. स्कार्वहैयावर मुल्ते एकाच ठिकाणी येतात. "कुठे मिळाली?"

"मुल्ते कुठे मिळाली असं विचारतात का कोणी? ती जागा आईलाही सांगायची नसते. लाज आहे का?"

"बरं. खुणा ठीक आहेत?"

"दोनशे अकराच्या दोनशे अकरा." सिन्नवे नळाखाली हात धुवत होती, पाठ करून, आणि लाल रंग काही निघत नव्हता. "आणि काही दगडांवर मी नुसत्या वरच्याच अंगाला रंग लावून आले. बाबांची आडवी रेघ मला जमत नाही, तू बघ एकदा." तिने ओला ब्रश टेबलावर आईपुढे ठेवला. "हा तूच ठेव. मला विसरायला होतं. हालवारला सांगू नकोस, माझाही काढून घेतील."

सोलफ्रिडने कपाटातून ताटल्या काढल्या. तीन मांडल्या, आणि सिन्नवेने एकही उचलली नाही.