देवीला मी नर्सचं विचारलं

माझी नात ऋतुजा बारावी झाली तेव्हा तिला जेमतेम सतरा पुरी झाली होती. सांगलीच्या एका कॉलेजात तिला फिजिशियन असिस्टंटचं शिकायचं होतं. हे नाव तिलाच विचारून लिहिते आहे. ती चौकशीला गेली तेव्हा तिथं कुणीतरी सांगितलं, वय फार लहान दिसतंय, मुलाखतीत टिकणं अवघड, वर्षभर थांब. थांबलं की काय होतं ते मला ठाऊक आहे. अठरा पुरी होतात, स्थळं यायला लागतात आणि शिक्षण तिथंच राहतं. माझं तर चौथीतच राहिलं.

म्हणून मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी देवीला कौल लावायला गेले. कुंडलच्या पलीकडं आमचं गाव आहे. तिथं गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवतो आणि आपण मनातलं विचारायचं. उजवं फूल आधी पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. मी विचारलं आणि डावं फूल लगेच पडलं. ते लगेच पडणं मला लागलं. देवीनं जरा विचार तरी करायचा.

घरी सून म्हणाली, "आत्या, देवी न्हाई म्हटल्यावर पोरीला न्यायची न्हाई." माझा मुलगा सैन्यात आहे. त्याची प्रत्येक बदली मी देवीवर सोपवून झोपले आहे. आता एकदा मनाविरुद्ध बोलली म्हणून तिला खोटं कसं म्हणायचं? ऋतुजानं इस्त्री केलेला ड्रेस कपाटात ठेवला. दुपारी घरात कुणी धड जेवलं नाही.

संध्याकाळी दारात गुरव उभा. "आवं आजी, चष्मा पायरीवर इसरून आलासा की!" चष्मा मी आजवर कुठं विसरलेली नाही. त्यानं आमच्या तोंडांकडं बघितलं. "काय झालं? कौलाचं मनावर घेतलंसा व्हय? इचारलं काय हुतं तुमी?"

"काय इचारणार? पोरगी नर्स हुईल का, एवढंच."

ऋतुजा उसळलीच. "आजी! कितींदा सांगितलं तुला, नर्सिंग येगळं, ह्ये येगळं. डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासायचा, ऑपरेशनला मदत करायची."

"दवाखान्यातच ना? मग नर्सच की."

गुरव हसत सुटला. "मग देवी कुठं खोटं बोलली? न्हाईच हुनार ही नर्स!"

मी म्हटलं, उद्या पहाटे परत कौल लाव. तो म्हणाला, "आता न्हाई. सारखं सारखं इचारायला ती काय यष्टी स्टँडवरची चौकशीची खिडकी हाय? गाडी धरा आनि जावा." सुनेनं ड्रेस परत बाहेर काढला.

मुलाखतीला मी बाहेर बसले होते. आतलं ऋतुजानं येताना सांगितलं. साहेबांनी विचारलं, तू सगळ्यांत लहान, पेशंट तुझं ऐकतील का? ही म्हणाली, "माझ्या आजीला साखरेमुळं पायाला जखम झाली होती. ती कुणाचंच ऐकत नाही. ड्रेसिंग करताना रोज मला शिव्या द्यायची, पण पाय पुढं करायची." सगळे हसले म्हणे. मला राग आला, पण खोटं नव्हतं.

काही दिवसांनी प्रवेश झाल्याचा फोन आला. मी शेंगा फोडत होते. सून रडली. मला रडू आलं नाही, भूक लागली. शिळी भाकरी आणि चटणी घेऊन बसले. किती दिवसांनी तोंडाला चव होती.

चष्मा कुणी विसरायला लावला, ते मी सांगू शकत नाही. म्हातारपणही असेल. पण मी तो विसरले नसते तर गुरव आमच्या दारात आला नसता, आणि पोरगी घरीच राहिली असती, हे मात्र खरं. एवढी वर्षं मी देवीपुढं माझ्या समजुतीएवढाच प्रश्न ठेवत आले आणि तेवढंच उत्तर मागत आले. तिला माझ्याहून जास्त कळतं, हे तोंडानं रोज म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन गेले. गुरवानं सवयीनं फुलं पाण्यात बुडवली. मी म्हटलं, "चिकटवू नगंस रं. नुसती वाहा."

पोरीच्या शिक्षणाचं नाव मला अजून नीट सांगता येत नाही. देवीला ठाऊक आहे, तेवढं पुरे.