पोचेपर्यंत केर नाही

आज शेजारून भाजणी भाजल्याचा खमंग वास आला आणि पोरांनो, तुम्ही पहिल्यांदा सुट्टी संपवून सिॲटलला परत गेलात तो दिवस आठवला. तुमच्या बॅगेसाठी मीही अशीच भाजणी केली होती. तुमची गाडी द्वारका चौकातून मुंबईच्या दिशेने निघून गेली आणि मी घरात आले, तर दिवाणाखाली आणि खोलीभर शेंगांची टरफलं, रंगीत खडूंचे तुकडे आणि द्राक्षांचे देठ पडले होते. मला पसारा सहन होत नाही. पण माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, ही माझ्या आईची शिकवण. दुसऱ्या दिवशी कामाच्या बाईंनी हातात घेतलेला झाडू मी खाली ठेवायला लावला. त्यांना नवल वाटलं. “आजी, अजून नाय पोचले?” “आधी मुंबई, मग दुबई, तिथून पुढे चौदा-पंधरा तास विमानात,” मी म्हटलं. तुमचे आजोबा पेपरमागून म्हणाले, “अगं, हा नियम इथल्या इथे सिन्नरला जाणाऱ्यांसाठी होता. विमानाच्या हिशेबाने पाळलास तर घरात कांदे लावता येतील!” मी हसले, पण केर तसाच राहू दिला. टरफलं पायाखाली वाजत होती तोवर तुम्ही वाटेवरच होतात, पूर्ण गेला नव्हतात. संध्याकाळी तुमच्या बाबाचा फोन आला, “आई, घरी पोचलो.” मग केर काढला. घर स्वच्छ झालं, आणि फार मोठं. आता आजोबा नाहीत. तुम्ही येऊन गेलात की बाई झाडू हातात घेऊन विचारतात, “पोचली का पोरं?” फोन केव्हाच येऊन गेलेला असतो, तरी मी सांगते, “अजून नाही, लांबचा प्रवास आहे.”