जिवंत बाईचा फोटो

आमच्या उत्रोलीत माणूस एकटा भिंतीवर चढतो तो मेल्यावरच. लग्नातला जोडीचा फोटो चालतो, नातवंडांचे चालतात, बालाजीला जाऊन आलेला सगळा घोळका चालतो. पण मोठ्या माणसाचा एकट्याचा फोटो, मागे काळोख, भोवती जाड चौकट, म्हणजे खाली उदबत्ती हवीच. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तरी मी माझा तसाच फोटो काढून घेतला, कारण मला तो हवा होता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर एकदा घरातले सगळे जुने फोटो काढून बसले होते. एकाही फोटोत मी धड नव्हते. लग्नाच्या फोटोत मान खाली. बारशाच्या फोटोत मांडीवरचं बाळ झकास आलेलं, माझं डोकं कापलेलं. शाळेच्या फोटोंत मी कायम कडेला, पुढच्या सरांच्या खांद्याआड. जन्मभर हजर राहून हजेरीत नाव नाही, असला प्रकार. फार चीड आली.

विंझरला एका बाईनं जुना गोठा झाडून पुसून स्टुडिओ केला होता. तैलचित्रासारखे दिसणारे फोटो काढायची, तेही फक्त मोठ्या माणसांचे. "लहान मुलं कुणीही गोड काढतं," ती फोनवर म्हणाली. एसट्या बदलत गेले, आवडती जांभळी साडी नेसून. तिनं मला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, मागे राखाडी रंगवलेलं कापड सोडलं. मी सवयीनं हसले.

"कुणासाठी हसताय?" तिनं विचारलं.

मी हसू आवरलं. मग ती कॅमेरा हातात धरून नुसती बघत राहिली. इतका वेळ माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं, डॉक्टरनंसुद्धा. फोटो हाती आला तेव्हा मी काळी ती काळीच होते, गालावरचे वांगही जागच्या जागी. पण उजेड एका अंगानं आला होता आणि त्यात एक स्वतःचं मत असलेली बाई बसली होती. मी चक्क रडले. ही बाई मला रोज माझ्या घरात बघायला मिळावी, एवढीच माझी हौस होती.

पुढच्या खोलीत माझ्या नवऱ्याचा हार घातलेला फोटो आहे. त्याच्या समोरच्या भिंतीवर मी माझा लावला. दुसऱ्याच दिवशी शेजारची म्हातारी दूध घालायला आली, चपला काढल्या, फोटोला हात जोडले, आणि मागे वळून मला बघून किंचाळली, "अगं बया! बाई, तुमी हाईत व्हय!" तेव्हा मी पोट धरून हसले.

हसण्यासारखं तेवढंच होतं. येणारा-जाणारा आधी फोटोकडे बघे, मग माझ्याकडे, आणि पाऊसपाण्याचं काही तरी बोले. पलीकडच्या घरात राहणारी माझी धाकटी जाऊ मात्र स्पष्ट म्हणाली, "अक्का, नवरा नसलेल्या बाईला एवढी हौस बरी दिसत न्हाई."

"दिसत नाही तर बघू नकोस," मी म्हटलं. विषय मिटला असं मला वाटलं.

पितृपंधरवड्यात ह्यांचा म्हाळ होता. मी सकाळपासून स्वयंपाकात, खीर, वडे, कढी. पुढची खोली जाऊ आणि माझा मुलगा आवरत होते. नैवेद्याचं ताट घेऊन बाहेर आले तर समोरची भिंत ओकीबोकी. माझा फोटो ह्यांच्या शेजारी टांगलेला आणि त्याला चंदनी हार, ह्यांच्यासारखाच, नवाकोरा. खाली दोघांत मिळून एक उदबत्ती. पितरांचं ताट धरून मी उभी, आणि पितरांतही मीच.

"जोडीनं आणलं हार," जाऊ म्हणाली. "तुमचा लई भुंडा दिसत व्हता. आता कसं, भावजींच्या शेजारी शोभताय."

मी मुलाकडे बघितलं. वाटलं, हा तरी काही बोलेल. तो म्हणाला, "राहू दे गं आई. एवढा भारी फोटो आहे, पुढं लागेलच की."

मला किळस आली. दुधात पाल दिसल्यावर येते तशी. जावेची आलीच, तिला माझं धडधाकट असणंच खुपत होतं. पण तिच्यापेक्षा मुलाची जास्त आली. पोटचा पोर, आणि त्याला माझ्या चेहऱ्यात दिसला तो दशक्रियेचा फ्लेक्स. बरं, तो बोलला तेही मायेनंच, त्याला त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. त्या मायेचीसुद्धा मला किळस आली.

ताट खाली ठेवलं. हार ओढला, तो तुटला, तसाच जावेच्या हातात दिला. फोटो उतरवून पुन्हा समोरच्या खिळ्याला अडकवला. कुणी हात लावायला पुढे आलं नाही.

"मी गेले की आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावा," मी मुलाला म्हटलं. "त्यात मी मेलेलीच दिसते. आणि हा त्या दिवशी उतरवायचा."

मग ताट उचललं आणि एकट्या ह्यांच्यापुढे ठेवलं.