काकांचा अर्धा उखाणा

“बापूकाका आज नुसते सुटल्यात!” शेजारच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं आणि मांडवभर हशा पिकला.

मी हसले नाही. म्हणजे... चेहरा हसरा ठेवला होता. ते मला चांगलं जमतं.

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी टाइमपास म्हणून वाचायचे आणि मनातल्या मनात प्रत्येकाचं लॉजिक लावायचे. मी साताऱ्यात वाढले, शाळा इंग्लिश मीडियम, आणि चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा घसा कोरडा पडतो. म्हणून आमच्या गावी, कुंडलच्या घरी, बापूकाका मला ‘म्याडम’ म्हणतात. दुसरं कुणी म्हणत नाही – हे लक्षात ठेवा.

त्या दुपारी काकांच्या मुलीची, प्राजूची, हळद होती. अंगणातल्या फरशीवर हळदीचं पाणी सांडलेलं. काका घसरले आणि डोकं मागे पायरीच्या कडेवर आपटलं. हलगी थांबली. मग काका उठून बसले आणि म्हणाले, “पायरी फुटली न्हाई न्हवं?”

झालं! हलगी पुन्हा सुरू. आत्याने मागून डोकं चाचपलं आणि निकाल दिला, “टेंगूळ भायेर आलंय. म्हंजी आत काय न्हाई.”

मी मात्र बघत होते. काकांनी विचारलं, “आचारी आला का रं?” आला होता. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मग पुन्हा... अगदी त्याच सुरात. काका गावातले प्रसिद्ध नकलाकार, त्यामुळे ही त्यांची नवी नक्कल असणार असंच सगळ्यांनी धरलं. पोरंही ओरडायला लागली, “आचारी आला का रं?” मग काका मोरीकडे जाऊन उलटी करून आले. आत्या म्हणाली, “ऊन लागलं. सरबत द्या.”

तेवढ्यात उखाण्याचा आग्रह झाला. काका खुर्चीतूनच म्हणाले, “चुलीवरच्या भाकरीवर लोण्याचा गोळा...” आणि थांबले. पुढे शोभाकाकीचं नाव यायचं होतं. ते येईना. काकीने खरंच डोळे वटारले आणि मांडव फुटला! “बायकूचं नाव इसरला गड्या!” ‘बापूकाका आज नुसते सुटल्यात’ असं शेजारच्या बाकावरून कुणी म्हणालं, ते तेव्हाच.

काका काकीकडे बघत होते. एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघावं तसं.

आणि माझ्या उजव्या कानामागून आवाज आला.

“म्याडम, म्या चेष्टा करत न्हाई गं.”

काकांचा आवाज. आधी घसा खाकरायची सवयसुद्धा त्यांचीच. पण काका माझ्या समोर होते, ओठ मिटून. मी वळून पाहिलं – मागे फक्त भिंत.

मी उभी राहिले. “काका चेष्टा करत नाहीत! १०८ ला फोन लावा!” इतक्या मोठ्याने, की हलगी थांबली.

“आगं, हळदीच्या घरात आंबुलन्स?” आत्या चिडली. “जरा पडू द्या त्याला. झोप काढली की हुशार हुतोय.”

“काकी,” मी तिच्याकडे वळले, “काकांना हार्टसाठी रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत ना?”

काकीने मान हलवली. काकांसमोर जाऊन बसली. “आवं... मी कोण?”

काका हसले. नुसतेच हसले.

काकीने हातातली हळदीची वाटी खाली ठेवली. “लाव फोन.”

कराडला स्कॅन झालं. कवटीच्या आत रक्त साठत होतं. लगेच ऑपरेशन. डॉक्टर नंतर काकीला म्हणाले, “टेंगूळ बाहेर आलं तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. परत परत तेच विचारणं, उलटी, गोंधळ – यातलं एक दिसलं तरी थांबायचं नाही. आणि या गोळ्या चालू असतील, तर मार किरकोळ वाटला तरी आणायचं. झोपू दिलं असतं तर...”

लग्न पुढे ढकललं. नवरदेव कराडशेजारच्या मलकापूरचा, त्यामुळे दवाखान्यात रोज त्यांच्याकडून डबा! प्राजूने लग्नाआधीच सासूच्या आमटीला मार्क देऊन टाकले.

दुसऱ्या हळदीला काकीने अंगणभर पोती अंथरली. काकांच्या डोक्यावर नवे केस, त्यावर टोपी. त्यांनी उखाणा पुन्हा धरला, “चुलीवरच्या भाकरीवर लोण्याचा गोळा... शोभानं वटारला माझ्यावर डोळा!” आत्या तोंडाला पदर लावून एकाच वेळी हसत-रडत होती.

काकांना त्या दिवसाचं काहीही आठवत नाही. माझी मैत्रीण म्हणते, तुझ्याच मनाने काकांचा आवाज काढला, कारण स्वतःचं तू कधी ऐकलं नसतंस. असेलही. त्या दिवशी माझ्या उजव्या खांद्यावर हळदीचा पंजा उमटलेला होता... पण हळदीच्या मांडवात तो कुणाचाही असू शकतो. मला अजून उलगडा झालेला नाही.

उखाणा झाल्यावर काका माझ्या शेजारी येऊन बसले. “म्याडम, समदी हसत हुती. तुला कळलं कसं गं?”

‘मोबाईलवर वाचलं होतं’ हे माझं ठरलेलं उत्तर. आजवर घरच्या सगळ्यांना तेच सांगितलं, सगळ्यांना पटलंही. घसा कोरडा पडला. पण हलगी जोरात वाजत होती, हळू बोलून ऐकू गेलंच नसतं.

“तुम्हीच सांगितलंत, काका!”