लाल गाडीची हवा आणि माझा कान

उचगावच्या फाट्याजवळ माझं टायरचं दुकान होतं आणि त्या दुकानाची सगळी अब्रू माझ्या कानावर उभी होती. टायरवर लोखंडी रॉड मारायचा, आवाज ऐकायचा आणि हवा किती ते सांगायचं. मीटर लावणाऱ्याला मी नवशिका म्हणायचो. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ड्रायव्हर वाटेतली दोन दुकानं सोडून माझ्याकडं यायचे, ते ह्यासाठीच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. हुपरीच्या एका शेठनं, पैंजणांचा मोठा धंदा त्यांचा, मुंबईहून जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली. लालभडक, दोनच माणसांची, आणि इतकी बुटकी की शेठचं बूड रस्त्याला टेकतंय का काय, असं वाटावं. प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासायचं आणि शेठ आत 'आई गं' म्हणून कळवळायचे. माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपा हॉर्न मारत त्यांच्या पुढनं निघून जायच्या.

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास! परदेशातल्या जावयानं सासऱ्याला हवा सांगणारे सेन्सर पाठवले. प्रत्येक चाकात एक बसवायचा आणि आत काचेपाशी एक डबी चिकटवायची. हवा कमी झाली की डबी ओरडणार. ते सगळं घेऊन शेठ माझ्या दुकानात आले, तेव्हा मी म्हणालो,

"शेठ, ताशी वीसनं जाणाऱ्या गाडीला ह्ये कशाला? हवा गेली तर मागनं येणारा सायकलवाला सांगंल की!"

दुकानातली माणसं खो खो हसली. शेठ सज्जन माणूस. "जावयाची भेट हाय वो मिस्त्री. बसवा तेवढं."

बसवले. चारी टायर रिमवरनं सोडवले, जुने व्हॉल्व काढून सेन्सरवाले घातले, टायर चढवून हवा भरली. सगळ्यांचा चहा झाला. मग मी रॉड घेऊन चार ठोके मारले आणि जाहीर करून टाकलं, "चारी टंच! आता ती डबी काय बोलंल?"

शेठनं चावी फिरवली. आत बघितलं, मग माझ्याकडं. "मागच्या डाव्यात हवा कमी दावतंय."

"येडं हाय ते यंत्र. कमी असंल तर वरडायला पायजे की. वरडलं का?"

ह्या वेळी कुणी हसलं नाही. शेठ म्हणाले, "अवो मिस्त्री, कवाधरनं वरडालंय की त्ये!"

मी डोकं आत घातलं. डबीवरचा दिवा लुकलुकत होता. आवाज? शपथेवर सांगतो, काही नव्हता. डबीला कान लावला तरी नव्हता. कोपऱ्यातलं मीटर शोधलं, धूळ पुसली, चाकाला लावलं. हवा चांगलीच उतरली होती. व्हॉल्वला थुंकी लावली तर बुडबुडे. नट मीच ढिला ठेवला होता. अंगण वाकडं म्हणायलाही तोंड उरलं नाही.

पंधरा वर्षं कॉम्प्रेसरशेजारी बसून कान गेला होता आणि मला पत्ता नाही. लागणार तरी कसा? आमच्याकडं 'चहा घ्या'सुद्धा भांडल्यासारखं म्हणतात. बहिरा माणूस इथं जन्म काढंल आणि कुणाला कळायचं नाही. पण मी हादरलो. कान गेला म्हणजे दुकान गेलं. आणि अर्ध्या हवेवर किती ट्रॉल्या मी 'टंच' म्हणून रस्त्यावर सोडल्या असतील, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी एक ट्रॉलीवाला आला. मी मीटर काढलं तसा तो भडकला. "ह्ये तर कुणीबी लावतंय. तुमी ठोका."

ठोकलं. आवाज मला झकास वाटला. कालही झकासच वाटला होता. त्याला टपरीवर चहा सांगायला धाडलं आणि त्याची पाठ वळताच गुपचूप मीटर लावलं. हवा कमी होती. भरली. तो आल्यावर म्हणालो, "कमी हुती रं. ठोक्यातच कळलं."

"म्हणून तर तुमच्याकडं येतोय!" तो खूश होऊन ओरडला आणि निघून गेला.

मला लाज वाटली. तरी पुढं दुकान कायमचं बंद करेपर्यंत प्रत्येक गिऱ्हाइकाला मी आधी चहाला पाठवलं.