घरगुती सामानात न बसलेलं मशीन

माझी मावशी सत्तावीस वर्षं शिवणकाम करते. तिच्या भाड्याच्या दोन खोल्यांतली पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीखाली मशीन, शेजारी कापडाच्या कडा शिवायचं ओव्हरलॉक, दोरीवर गिऱ्हाइकांचे कपडे आणि प्रत्येकाला टाचणीने लावलेली मापाची चिठ्ठी. तिच्या शिलाईवर दोन मुली शिकल्या. काकांची नोकरी गेली तेव्हा तीन वर्षं घरही त्यावरच चाललं. तरी कुणी विचारलं की काका सांगणार, ती घरीच असते. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं, आजही.

मागच्या वर्षी वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. मावशी आणि काका दोन दिवस मुलीकडे गेले होते. परत येऊन दार उघडतात तर छताचा गिलावा मशीनवर कोसळलेला, मोटर जळलेली, पलंगावरची गादी पाणी पिऊन फुगलेली आणि अकरा जणींचे कपडे डागाळलेले. घरमालक धावत आला, कारण त्याचा विमा होता. पण तो विमा भिंती, छत आणि फरशीचा. आतलं सामान भाडेकरूचं, ते भाडेकरूनं बघावं, असं म्हणून त्याने हात वर केले. नियमाने तो बरोबरच होता. तरीही मला त्याचा राग आला.

मावशी मात्र निश्चिंत होती. तिचा धाकटा दीर विमा एजंट. त्यानेच चार वर्षांपूर्वी तिला भाडेकरूच्या सामानाची पॉलिसी काढून दिली होती, आणि हप्ता ती न चुकता भरत होती.

तो कागद मी वाचला. विमा फक्त घरगुती सामानाचा होता. धंद्याची यंत्रं आणि गिऱ्हाइकांचा माल धरायचा तर तसं वेगळं लिहून द्यावं लागतं, थोडा जास्त हप्ता पडतो. व्यवसायाच्या रकान्यात दिराने चक्क 'गृहिणी' लिहिलं होतं. मी जाब विचारला तर हा गृहस्थ तोंड वर करून म्हणतो, वहिनी घरीच तर असते. याच्या पोरांचे गणवेश वहिनीने वर्षानुवर्षं फुकट शिवलेत, ते कुठे बसून शिवले असं वाटलं याला?

सही मावशीचीच होती. न वाचता केली, ही तिची चूक मी झाकणार नाही. पण मुलींच्या शाळेत, बँकेत, दवाखान्यात तीही आयुष्यभर तेच लिहीत आली होती. वाचलं असतं तरी तिला ते खटकलं नसतं.

मग दिराने तोड काढली. नुकसान बघायला सर्व्हेअर येईल, त्याला सांगायचं की मशीन घरातल्या फाटक्यातुटक्यापुरतं आहे. ओव्हरलॉक आणि गिऱ्हाइकांचे कपडे तोवर भाचीच्या, म्हणजे माझ्या घरी हलवायचे. म्हणजे मशीन घरगुती सामानात बसेल आणि भरपाई मिळेल. काकांनी मान डोलावली. सांगायला लाज वाटते, पण मीही मिठाची गुळणी धरून बसले. मशीन नसेल तर मावशी काय करणार, याची मला धास्ती होती.

सर्व्हेअर आला. गादी, पलंग, कपाट, पंखा, सगळं लिहून घेतलं आणि मशीनपाशी थांबला. हे कशासाठी वापरता, असं त्याने मावशीला विचारलं. उत्तर काकांनी दिलं.

"काही नाही हो, हिला हौस आहे."

मावशी मागच्या खोलीत गेली आणि मापांच्या वह्या घेऊन आली. वर्षाला एक, अशा सत्तावीस. तो गठ्ठा तिने सर्व्हेअरसमोर ठेवला.

"हौस नाही, धंदा आहे माझा. तसं लिहा."

"तसं लिहिलं तर मशीनचे पैसे मिळणार नाहीत, ताई."

"माहीत आहे. लिहा."

मशीनचे पैसे बुडाले. अकरा जणींची भरपाई मावशीने त्यांचे कपडे फुकट शिवून केली. पलंग, गादी, कपाट आणि पंख्याचे पैसे आले, ते सगळे घालून तिने वापरलेलं मशीन आणलं. नवी पॉलिसी दुसऱ्या एजंटकडून काढली, रकाना स्वतः भरून.

दोघं आता चटईवर झोपतात. काकांची पाठ धरते. सकाळी उठले की कुरकुर करत विचारतात, पलंग कधी आणायचा. मावशी मशीनवरून मान वर करत नाही.

"आणू की. माझी हौस फिटली की आणू."